आधी निळा जातो

"राघूचा हिरवा दे गं," म्हणत आक्कांनी हात पुढे केला.

उज्ज्वलाने ताटातली तिल्ली उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. तिल्ली म्हणजे रेशीम गुंडाळलेली बोटभर काडी. पैठणीच्या पदरावर राघू, मोर, वेल जे काही उमटतं ते या काड्यांच्या जिवावर, आणि एकेका पदराला अशा साठ-सत्तर लागतात. पदराचा डावा अर्धा भाग आक्का विणायच्या, उजवा उज्ज्वला. एकाच मागावर, एकाच पाटावर, मांडीला मांडी लावून बावीस वर्षं! नणंद-भावजय एका घरात धड नांदल्या तरी लोक तोंडात बोटं घालतात, इथे तर त्या एका पाटावर नांदत होत्या.

आता नांदत होत्या म्हणजे अगदी गुण्यागोविंदाने, असं मात्र कुणी समजू नये. नवरा गेल्यावर आक्का येवल्याला माहेरी परत आल्या तेव्हा उज्ज्वला या घरात नवीनच होती. पदर विणायला तिला आक्कांनीच शिकवलं. धागा चुकला की उसवायला लावायच्या, पुन्हा चुकला की पुन्हा. 'बरं विणलंस' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला उज्ज्वलाचे कान आसुसले होते, पण आक्कांच्या तोंडाला जणू कुलूपच होतं.

गेल्या वर्षभरात मात्र एक गोष्ट बदलली होती. आक्कांना निळा आणि हिरवा वेगळा ओळखू येईनासा झाला होता. पूर्वी त्या ताटाकडे न बघता हवी ती तिल्ली उचलायच्या. आता हात पुढे करायच्या आणि शेजारच्या मागावर ऐकू जाणार नाही अशा बेताने रंगाचं नाव घ्यायच्या. तोंडाने कबूल कधीच केलं नाही, पण उज्ज्वलाला कळायचं ते कळलं होतं.

तिला वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर जरा बरंही वाटायचं. ज्या बाईने जन्मभर हुकूम सोडले, ती आता आपल्या हाताकडे बघते आहे, याचं एक चोरटं समाधान होतं. मग स्वतःचीच लाज वाटून ती जास्तच प्रेमाने पुढची तिल्ली द्यायची.

हे सगळं चाललं होतं ते गावाबाहेरच्या विणकर संकुलात. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत येवल्यात माग घराघरांत होते. पण उन्हाळा फेब्रुवारीत सुरू होऊन जून सरला तरी हटेना, घरातला पारा शेहेचाळिसावर जाऊन बसला, रेशीम कोरडं पडून ताणे तटातट तुटू लागले. तेव्हा हे संकुल उभं राहिलं. भिंती सगळ्या थंडकाचेच्या. ही काच उजेड आत घ्यायची आणि उष्णता जशीच्या तशी बाहेर परतवायची. आत दिवे लख्ख, हवा बारा महिने गार. रेशमाला ऊन लागलं की रंग उडतो, हे विणकराला बाळकडूतच मिळालेलं असतं, त्यामुळे उन्हाचा काटा निघाला म्हणून सगळे खूश होते. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून सकाळी अंधारात आत शिरायचं आणि दिवस मावळल्यावर बाहेर पडायचं. आपल्याही अंगाला ऊन लागत नाही, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. यायचं कारणही नव्हतं.

पाच-सहा वर्षांनी तक्रारी सुरू झाल्या. जखमा लवकर भरेनात, चांगल्या धडधाकट बायका दुपारी मागावर मान टाकू लागल्या, साखर वाढली. आणि चाळिशी ओलांडलेल्यांचे रंग चुकू लागले. एकाने तर मोरपंखी काठात सरळ पोपटी भरला. मग नाशिकहून डॉक्टर केतकी जोगळेकर आल्या. वय पस्तिशीचं, बोलणं स्वच्छ, कुणाशीही जमिनीवर बसून गप्पा मारणारी बाई. त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या दालनात जमवलं.

"सूर्याच्या उन्हात जेवढं आपल्याला दिसतं तेवढंच नसतं," त्या म्हणाल्या. "निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना दिसतच नाही, अंगाला ऊब म्हणून कळतो. त्याला अवरक्त किरण म्हणतात. त्यातले काही कातडीवर थांबत नाहीत, आत शिरतात. आपल्या एकेका पेशीत शेकडो बारक्या गिरण्या असतात. खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढायचं काम त्या करतात. गडद तांबडा उजेड आणि त्याच्या पलीकडचा हा न दिसणारा उजेड मिळाला की त्या गिरण्या सुरळीत फिरतात. माणूस पिढ्यान् पिढ्या उन्हात वावरला, त्यामुळे हे वंगण त्याला आपोआप मिळत गेलं. तुमची काच नेमकं तेच बाहेर ठेवते, आणि छतावरचे दिवे तर ते देतच नाहीत. तुम्हाला उजेड भरपूर मिळतो, पण तो मिठावाचूनच्या जेवणासारखा."

"मग डोळेच का जातात?" कुणीतरी विचारलं.

"डोळ्याच्या आतल्या पडद्याला शक्ती फार लागते, त्यामुळे तिथे गिरण्या सगळ्यात दाट. त्या आधी थकतात. त्यातही निळा ओळखणाऱ्या पेशी मुळातच शंभरात सात-आठ. म्हणून आधी निळा जातो."

निवृत्तीअण्णा हे संकुलातले सगळ्यात जुने विणकर. ते म्हणाले, "एवढंच ना? मग आम्ही सकाळी कोवळ्या उन्हात बसतो की!"

"बसाच! ज्यांचे डोळे शाबूत आहेत त्यांना तेवढं पुरे. फक्त सूर्याकडे बघायचं नाही. पण ज्यांचे थकलेत त्यांना मोजून दिलेला तांबडा उजेड लागेल. त्यासाठी मी दिवे आणलेत. रोज सकाळी तीन मिनिटं, मिटल्या पापण्यांवर. सकाळीच, कारण या गिरण्या तो उजेड सकाळीच घेतात. दुपारी तासभर बसलात तरी व्यर्थ. आणि तीनची तेरा मिनिटं केलीत तर उलट नुकसान."

दिवे थोडे होते. ते कुणाला द्यायचे हे ठरवायला परीक्षा ठेवली, आणि इथे डॉक्टरबाई फसल्या. अशा परीक्षेसाठी प्लास्टिकच्या रंगीत चकत्या असतात, त्या क्रमाने लावायच्या. पण माणसं रेशमात वाढलेली, त्यांना परकं वाटायला नको, म्हणून बाईंनी मोठ्या हौसेने येवल्याच्याच रंगाऱ्याकडून रेशमाच्या चाळीस लडी रंगवून घेतल्या. निळ्यापासून हिरव्यापर्यंत, एकीहून दुसरी किंचित वेगळी. आणि संकुलाच्या व्यवस्थापकांनी नियम लावला की जो नापास होईल त्याला दिवा मिळेल, पण डोळे सुधारेपर्यंत त्याने पदराला हात लावायचा नाही. साडीचं साधं अंग विणायचं.

आक्का परीक्षेला बसल्या. नजर समोरच्या भिंतीवर, आणि अंगठा-तर्जनीत एकेका लडीचं टोक. निळ्याचा स्पर्श जरा खरखरीत, हिरवा दोन रंगांत बुडून निघालेला म्हणून किंचित जाड. चाळीस वर्षं रेशीम हाताळलेल्या बोटांना आणखी काय लागतं? चार मिनिटांत चाळीस लडी क्रमाने लागल्या, चूक एक.

"आक्का, पंचावन्नाव्या वर्षी असे डोळे! कमाल आहे तुमची!" डॉक्टर म्हणाल्या.

उज्ज्वलाही पास झाली. चुका दोन.

संध्याकाळी घरी जाताना तिने रस्त्यातच विचारलं, "आक्का, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"मला नका सांगू. दिवा मिळाला असता तुम्हाला."

"दिवा मिळाला असता आणि पदर गेला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची, उजे." आक्का थांबल्या. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. यातलं अवाक्षर कुणाजवळ काढायचं नाही."

उज्ज्वलाने पुढची वाट धरली. गळ्याची शपथ घातल्यावर बोलणार काय?

तीन महिन्यांत दिव्यांनी गुण दाखवला. एका सकाळी निवृत्तीअण्णा बायकोला म्हणाले, "आज निळं पातळ नेसलीस?" ती म्हणाली, "अहो, वर्षभर हेच नेसतेय मी!" हे सांगताना अण्णा हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ऐकणाऱ्यांचेही डोळे भरून आले.

त्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्यांचा निळा जाऊन दोन वर्षं होत आली होती, त्यांना दिव्याचा काही उपयोग झाला नव्हता. "थकलेली पेशी उठून बसते," त्या म्हणाल्या. "मेलेली नाही उठत."

उज्ज्वलाने आठवून पाहिलं. आक्कांनी पहिल्यांदा हात पुढे केला तो मागच्या श्रावणात. पण त्याच्याही आधी किती महिने त्यांनी एकट्याने निभावलं असेल? म्हणजे आता दिवसच उरले होते. हे कळूनही ती तीन आठवडे गप्प राहिली. शपथेची भीती होती, आक्कांच्या रागाची होती. आणि डोळे परत आले तर आक्का पुन्हा हात पुढे करणार नाहीत, ही गोष्टही मनाच्या तळाशी कुठेतरी होतीच. ती जेव्हा तिला स्वच्छ दिसली, तेव्हा तिला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"बाई, तुमची परीक्षा खोटी आहे."

"म्हणजे?"

उज्ज्वलाने डोळे मिटले आणि हात पुढे केला. "द्या कुठलीही लड."

डॉक्टरांनी एक लड तिच्या हातात दिली. उज्ज्वलाने चिमटीत धरून टोक चोळलं. "निळा." दुसरी दिली. "मोरपंखी." तिसरी. "हिरवा, पण हलका."

केतकीबाईंनी त्या लडी स्वतः चिमटीत धरून पाहिल्या. "अरे देवा! मी डोळ्यांची परीक्षा घेतली आणि पास झाली बोटं." मग त्यांनी विचारलं, "कोण कोण?"

"बाकीच्यांचं माहीत नाही. आमच्या आक्का."

आठवड्याच्या आत परीक्षा पुन्हा झाली. या वेळी सगळ्यांच्या हातांत जाड मोजे. पास झालेल्या पस्तीस जणांपैकी एकोणीस जण नापास झाले. अनेकांना तर आपण बोटांनी ओळखत होतो हे स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आक्कांनी दोन लडी उचलल्या, खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "नाही दिसत." मग त्यांनी वळून भावजयीकडे असं पाहिलं की उज्ज्वलाची मान खाली गेली.

शेवटी उज्ज्वलाची पाळी आली. तिच्या लेखी ही निव्वळ औपचारिकता होती. तिने भराभर लडी लावल्या आणि ती उठायला लागली.

"बसा जरा," डॉक्टर म्हणाल्या. "उज्ज्वलाताई, तुमचाही निळा गेलाय. आक्कांइतका नाही, पण गेलाय."

उज्ज्वला हसली. "काहीतरीच काय! अहो, वर्षभर मी रंग देतेय त्यांना! माझे डोळे गेले असते तर पदराचा सत्यानाश नसता झाला?"

डॉक्टरांनी टेबलावरचं रंग वाचणारं छोटं यंत्र तिच्या हातात दिलं. ते कशावरही धरलं की रंगाचं नाव बोलायचं. उज्ज्वला ते घेऊन मागाकडे गेली आणि तिने ते आधी पदरावर धरलं. राघूचं अंग हिरवं, गळ्याजवळ निळा, वेलीचं पान हिरवं. सगळं जिथल्या तिथे. बघा म्हणावं! ती परत वळणार, तेवढ्यात आक्कांच्या बाजूला पाटाखाली सरकवलेली पत्र्याची डबी तिला दिसली. डबीत सात तिल्ल्या होत्या. काडीला स्वतः मारलेल्या दोरीच्या गाठीवरून तिने त्या ओळखल्या. आज सकाळी राघूचा हिरवा म्हणून तिनेच त्या आक्कांच्या हातावर ठेवल्या होत्या. तिने यंत्र धरलं.

"निळा," यंत्र म्हणालं. पुढचीवर धरलं, "निळा." सातही निळ्या.

तिल्ली देताना उज्ज्वला काडी धरायची, धाग्याला तिचं बोट लागायचं नाही. विणताना आक्कांच्या चिमटीतून मात्र सबंध धागा जायचा. भावजयीने चुकीचा रंग दिला की त्या मुकाट्याने तो डबीत टाकायच्या, तिची नजर नसताना ताट चाचपून बरोबर तिल्ली काढायच्या, आणि पुढच्या वेळी पुन्हा हात पुढे करायच्या. उज्ज्वलाच्या उजव्या अर्ध्यावरूनही रोज संध्याकाळी आक्कांची बोटं फिरायची. ही झाडाझडती आहे असं समजून उज्ज्वला मनातल्या मनात चिडायची. दुसऱ्या दिवशी तिथे चार धागे नव्याने भरलेले असायचे. आक्कांनी सैल झालेले धागे बसवले असतील, असं तिला वाटायचं.

आक्का दाराशी उभ्या होत्या.

"कधीपासून?" उज्ज्वलाने विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? माझे डोळे होते ते, आक्का!" तिचा आवाज चढला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच चढला होता.

"सांगितलं असतं तर तुला पदरावरून उठवलं असतं. तुझा हात आत्ता कुठे बसायला लागला होता. माझ्यापेक्षा बरं विणायला लागली होतीस." आक्का दारातून पुढे आल्या. "मी उठले असते तर तुझ्या चुका निस्तरायला कोण होतं? म्हणून बसले. आणि तू शपथ मोडलीस. आता माझ्याशी बोलू नकोस."

जे ऐकायला उज्ज्वलाचे कान आसुसले होते ते तिला मिळालं, ते हे असं. ती पाटावर बसून ओक्साबोक्शी रडली. दोघींनी एकमेकींची लाज झाकायला जाऊन दोघींचे डोळे पणाला लावले होते.

दोघींना दिवे मिळाले आणि दोघीही पदरावरून उठल्या. घरात अबोला सुरू झाला. आक्का बोलायच्या त्या भावाशी, शरदशी. "शरद, तुझ्या बायकोला सांग, दिव्याची वेळ झाली म्हणावं." शरद मुकाट्याने निरोप पोचवायचा, बायको समोरच बसलेली असली तरी. त्याला हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती. रोज सकाळी नणंद-भावजय एकाच सतरंजीवर बसून तीन मिनिटं तांबड्या उजेडासमोर डोळे मिटायच्या. त्या वेळी उज्ज्वला देवाकडे स्वतःसाठी काही मागायची नाही. आधी आक्कांचे डोळे, एवढंच.

इतके पदर एकदम थांबल्यावर व्यवस्थापकांनाही अक्कल आली. कामाची वेळ पुढे गेली आणि सकाळी अर्ध्या तासाची ऊनसुट्टी सुरू झाली. सगळ्यांनी बाहेरच्या पायऱ्यांवर बसायचं, कोवळं ऊन अंगावर घ्यायचं आणि मगच आत जायचं. ज्या उन्हाला घाबरून काचेत शिरलो त्याच्याच दारात बसायची वेळ आली, म्हणून निवृत्तीअण्णा थट्टा करायचे.

पाच महिन्यांनी मोजे घालून पुन्हा परीक्षा झाली. उज्ज्वलाच्या चाळीसही लडी बरोबर लागल्या. आक्कांच्या तशाच विस्कटल्या होत्या.

"पहिल्याच परीक्षेनंतर दिवा सुरू केला असता तर?" उज्ज्वलाने विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाल्या. "पण छातीठोकपणे नाही सांगता येत. त्या पेशी आता गेल्या. चूक माझीही आहे, आक्का. मला माफ करा."

आक्कांनी हातातले मोजे काढून त्यांची नीट घडी केली. "हिचं झालं ना?" त्यांनी विचारलं. "हो," डॉक्टर म्हणाल्या. "मग झालं," म्हणत आक्का उठल्या.

त्या दिवशी उज्ज्वला जेवली नाही. ते तीन आठवडे तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपण त्याच दिवशी बोललो असतो तर?

दुसऱ्या दिवशी ऊनसुट्टीला आक्का पायरीवर बसल्या होत्या. डोळ्यांना उपयोग नसला तरी अंगाला ऊन हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उज्ज्वला दोन पायऱ्या खाली बसली. उत्तरेला अंकाईचा डोंगर नुकता उजळत होता.

"काय दिसतंय?" आक्कांनी विचारलं.

उज्ज्वलाने आजूबाजूला पाहिलं. बाकीचे पलीकडच्या पायऱ्यांवर होते, जवळपास कुणी नव्हतं. पाच महिन्यांनी आक्का तिच्याशी बोलत होत्या.

"अंकाई दिसतेय," ती चाचरत म्हणाली.

"ती मलाही दिसते. रंग विचारतेय मी."

फार काही नाही, धुरकटच आहे, असं म्हणावं आणि सुटावं असं उज्ज्वलाला वाटलं.

"मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस," आक्का म्हणाल्या. "असेल ते सांग."

"पायथ्याला जांभळट आहे," उज्ज्वला म्हणाली. "वर जाईल तसा निळा. आणि मागचं आभाळ, ते वेगळंच निळं आहे. दोन्ही जिथे भेटतात ती रेघ स्वच्छ दिसतेय. फार सुंदर दिसतंय, आक्का. फारच सुंदर." एवढं बोलून ती हुंदके द्यायला लागली.

आक्कांनी तिला रडू दिलं. दोन पायऱ्या उतरून त्या तिच्या शेजारी येऊन बसल्या, पूर्वी पाटावर बसत तशा, मांडीला मांडी लावून.

"असाच होता तो. आठवतोय मला," त्या म्हणाल्या. "उद्याही विचारीन. रोज विचारीन. जे असेल ते सांगायचं, काही झाकायचं नाही. कळलं?"

उज्ज्वलाने नुसती मान हलवली, आणि ते आक्कांना दिसलं.